तोंडी परीक्षा

चिरंजीवांना पहिलीत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा परीक्षांची कटकट मिटली असं वाटलं होतं. मिटली ती शाळेतली. नाशिकच्या आमच्या सोसायटीत तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस शिक्षणाधिकारी झाला आहे. "शाळेत जात नाहीस? मग सांग पाहू, बे साते?" तळमजल्यावर प्रश्न, चौथ्या मजल्यावर निकाल. समोरच्यांचा मोठा मुलगा शाळा बुडवून पार्किंगमध्ये कॅरम कुटतो, त्याला कुणी अवाक्षर विचारत नाही. त्याचं नाव पटावर आहे ना!

नातेवाइकांचा पेपर वेगळा. "कायद्यात बसतं का हे? दहावीचं काय?" मग मी सुरू करते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, वय ६ ते १४, पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी, त्यासाठी १४ पूर्ण हवीत... वर्षभरात आमच्या घरात पाठांतर पक्कं झालं ते एवढंच, आणि तेही माझं.

आईला काळजी डब्याची. "डब्याशिवाय कसली गं शाळा?" नातवाने आजीचा शब्द उचलून धरला. आता मी सकाळी पोळी-भाजी डब्यात भरते, तो डबा स्वयंपाकघरातून बाल्कनीत जातो, आणि मधल्या सुट्टीनंतर भाजी जशीच्या तशी परत येते. शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने प्रगती आहे म्हणायची.

गणिताला बालभारतीचं पुस्तक आहे, नेटवरून फुकट उतरवलेलं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! तावातावाने बोलणाऱ्यांत आमचे सासरे आघाडीवर. परवा त्यांनीच नातवाला 'एकोणसाठ' लिहायला सांगितलं. त्याने सहाचा आकडा काढला आणि थांबला. "आजोबा, ५९ ना? मग त्यात साठ कशाला आलं?" बँकेत जन्म काढलेला माणूस चष्मा पुसत बसला. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

आईने त्याला मंडईत नेलं. अनुभवातून शिक्षण की काय म्हणतात, ते. भेंडी ऐंशी रुपये किलो, तर पाव किलोचे किती? तो बोटं मोजत होता, मागे रांग वाढत होती, माझ्या पाठीत नजरा घुसत होत्या. वीस म्हणाला एकदाचा. मी पैसे काढणार, तर हा तराजूला नाक लावून उभा.

"काका, अडीचशेचं वजन नाही तुमच्याकडे?"

"नसतंच ते. दोनशे आणि पन्नास मिळून होतं, बाळा."

"मग पन्नासचं कुठंय?"

पारड्यात एकटं दोनशेचं वजन होतं. भाजीवाल्याने गल्ल्यापाशी चाचपून पन्नासचं काढलं, चार भेंड्या वर टाकल्या आणि माझ्याकडे वळून कळकळीने म्हणाला,

"ताई, शाळेत घाला हो याला."