थंड दुधाचं सांगू नका हो

ॲसिडिटीवरच्या या लेखात छातीत जळजळ झाली की थंड दूध प्या असं दिलंय, ते मी दोन वर्षं केलं. दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत तेच, रात्री दोनला घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागून उठायचो, बायको घाबरून पाठ चोळत बसायची. एकदा तर ईसीजीही काढून आलो, तो नॉर्मल निघाला (छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे जात असेल, घाम फुटला तर ते हृदयाचं असू शकतं, पित्त समजून घरी बसू नका बरं का). पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) चालू होती पण मी ती जेवणानंतर घ्यायचो, डॉक्टर म्हणाले अहो ती सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते! पण खरा फरक पडला विटांनी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण ६ इंच. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं आणि आंबट पाणी उलट जास्त वर येतं. आता जेवण साडेसातला, झोप अकराला, तेही डाव्या कुशीवर. मिसळ सोडलेली नाहीये, फक्त रात्री खात नाही. चहाचं मात्र अजून जमत नाहीये.