बाहेरचे चार खेळाडू

परवा चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं: यंदा गावच्या स्पर्धेला मंडळ बाहेरून चार कबड्डीपटू आणणार, वर्गणी घरटी पाच हजार. वर 'दादा, जमाना बदलला' हा शेरा. माझं डोकंच फिरलं. चढाईला माणूस भाड्याने आणायचा, तर मग गावाचं काय उरलं? बनियनवरचं नाव?

मी राहतो ते बालीहेल आयर्लंडच्या किल्केनी काउंटीत आहे. वाळव्याकडच्या आमच्या गावापेक्षा लहानच म्हणायचं. 1972 मध्ये पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले, संघ एकत्र आले आणि बालीहेल शॅमरॉक्स हा हर्लिंगचा, इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा, क्लब झाला. 1978 मध्ये काउंटीचं पहिलं सीनियर विजेतेपद, 1981 मध्ये ऑल-आयर्लंड, म्हणजे देशभरातल्या क्लबांमधलं विजेतेपद. त्या 1981च्या संघात फेनेलींचे सात सख्खे भाऊ होते. पंधरा जणांत सात! 2023 पर्यंत अशी नऊ ऑल-आयर्लंड विजेतेपदं झाली. किल्केनी काउंटीच्या संघाकडून दहा ऑल-आयर्लंड पदकं जिंकलेला हेन्री शेफलिनही याच क्लबचा. खेळायचा पगार कुणालाच नाही. रविवारी अंतिम सामना, सोमवारी कामावर. आणि ज्या पॅरिशचे तुम्ही, त्याच क्लबकडून खेळायचं; दुसरीकडे जायचं तर परवानगी काढावी लागते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा जास्तच लांबण लावून. काही गोष्टी मात्र सोयीने गाळल्या. सॉकर, रग्बी, क्रिकेट खेळणाऱ्याला, नुसतं बघणाऱ्यालाही, हर्लिंग चालवणाऱ्या GAA या संघटनेत 1971 पर्यंत बंदी होती. सॉकरच्या सामन्याला गेले म्हणून 1938 मध्ये त्यांनी देशाच्या राष्ट्राध्यक्षांना, डग्लस हाइड यांना, आश्रयदातेपदावरून काढलं. आणि मॅनेजरना हळूच पाकिटं मिळतात ही कुजबुज इथेही आहेच. पण भावाला कशाला सांगू?

भावाचं उत्तर आलं: 'गावात आता खेळायला आहे कोण? तू पुण्याला गेलास, मग तिकडे. बाळ्या मुंबईत. उरले ते ऊसतोडीच्या हिशोबात.'

यावर मी काही लिहिलं नाही. शनिवारी मुलाला अंडर-टेनच्या सरावाला सोडलं. हेल्मेट घातलं की पोरं सगळी सारखीच दिसतात. मला तो हर्ली, म्हणजे खेळायची काठी, धरण्याच्या पद्धतीवरून ओळखू येतो, डावखुरा आहे. पत्ता बालीहेलचा, एवढ्यावर तो इथला झाला. कुणी काही विचारलं नाही. मी मात्र रेषेबाहेर सँडविच वाटत उभा असतो, क्लबच्या लॉटरीची, लोटोची, तिकिटं दर आठवड्याला घेतो, आणि स्लिटर, म्हणजे चेंडू, उडून माझ्याकडे आला की तो परत फेकायचा की हातानेच द्यायचा, हे मला अजून नक्की समजत नाही.

रात्री पाच हजार पाठवले. खजिनदाराने लगेच पावतीचा फोटो टाकला. गेल्या गणपतीत देवळाबाहेरच्या फलकावर होतं तसंच, नावापुढे कंसात: आयर्लंड.