दोर बघून कळत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

झाडावर चढायचा दोर कसा निवडावा आणि कसा सांभाळावा, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर टोपणनावानं लिहिणाऱ्या एका वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती थोडक्यात देतो. ते म्हणतात: "दोर काय, नुसता बघितला तरी कळतो चांगला की वाईट. कोकणात काथ्याच्या दोरावर माड चढण्यात पिढ्या गेल्या. धुऊन सावलीत वाळवायला तो दोर आहे की पैठणी? ही सगळी परदेशी मालाची दुकानदारी आहे. तिहेरी लॉकचं कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप करणाऱ्या दाराची धातूची कडी) घ्या, दहा वर्षांनी दोर टाकून द्या, हे फांद्या तोडणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाला सांगून बघा. आणि महाशय, आधी किलो आणि किलोन्यूटनमधला फरक शिका."

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं आपण बरोबर आहात. ईएन १८९१ या युरोपीय मानकाप्रमाणे 'ए' प्रकारचा, कमी ताणला जाणारा दोर किमान २२ किलोन्यूटनचा भार पेलणारा असावा लागतो. मी तिथं '२२ किलो' लिहून ठेवलं होतं. खरा आकडा साधारण २,२०० किलो वजनाइतका होतो. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे, आभार. पण चूक दाखवायला एक ओळ पुरली असती. 'महाशय' आणि 'आधी शिका' कशासाठी? मी लेखात कुणाला नावं ठेवली नव्हती, कुणाला अडाणी म्हटलं नव्हतं. आपण समोरासमोर भेटलो असतो तर माझ्याशी याच भाषेत बोलला असतात का, हे एकदा स्वतःला विचारा.

'दुकानदारी' हा शब्द मात्र लागला. मी आजवर कुणाला वीतभर दोर विकलेला नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, पुन्हा उघडून बघा. उलट खर्च करण्याआधी घरच्या घरी करायची एक परीक्षा मी त्यात दिली होती, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानात 'नायलॉनचा' म्हणून जो चकचकीत हिरवा-निळा दोर मिळतो, तो पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. वीतभर तुकडा बादलीत बुडवा, पाण्याखालीच पिळून आतली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर तो नायलॉन नव्हे. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन २१५च्या पुढे, पॉलिस्टर २५०च्या आसपास. प्रुसिकच्या गाठीवर, म्हणजे मुख्य दोराभोवती आवळणाऱ्या आणि सैल करून सरकवता येणाऱ्या गाठीवर, माणूस भरकन खाली सरकला की गाठ हात लावू देत नाही इतकी तापते. तिथं हे आकडे उपयोगी पडतात. हे सांगून माझ्या खिशात काय पडणार होतं?

आता ते वाक्य, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो: "नुसता बघितला तरी कळतो."

१९९६पासून माझ्या हातात दोर आहे. आधी मुंब्र्याचे कडे, कान्हेरीचा कातळ, लोणावळ्याची नागफणी. पुढे २००४पासून झाडांची कामं. एवढ्या वर्षांत डोळ्यांनी मला जितक्या वेळा फसवलं, तितकं हातानं फसवलेलं नाही.

२०१३चा मे महिना. मुलुंडच्या एका सोसायटीत पावसाळ्याआधीची छाटणी होती. झाड पर्जन्यवृक्षाचं, जुनं, दोन इमारतींच्या मधोमध पसरलेलं. पालिकेची परवानगी हातात होती. दोर ११ मिलिमीटरचा, नायलॉनचा, दीड वर्ष वापरलेला, बघणाऱ्याला नवाच वाटेल असा. आदल्या दिवशी तो भाड्याच्या टेम्पोतून आला होता आणि टेम्पोत शेजारी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होती. हे आम्हाला नंतर कळलं. चढणाऱ्या मुलानं दोर उलगडून बघितला, म्हणाला, "सर, ओके आहे." मी रोजच्या सवयीनं तो बोटांतून ओढायला घेतला. टोकापासून आठ-नऊ मीटरवर अंगठा आत गेला. बाकी दोर बोटाखाली काकडीसारखा घट्ट आणि तिथं मात्र शिजलेल्या शेवयांसारखा मऊ. त्याच जागी दोर वाकवला. धड दोर वाकवला की गोल कमान होते. इथं तो बिजागरीसारखा दुमडला. नीट निरखल्यावर आवरणावर चहाच्या थेंबाएवढा पिवळट डाग दिसला, तोही मला जागा ठाऊक झाल्यावर. मी तिथं दोर कापला. आतल्या गाभ्याचे धागे चिमटीत धरून ओढले तर तुटून हातात आले.

बॅटरीतलं गंधकाम्ल नायलॉन खातं. त्या दोरावर तो मुलगा पंधरा मीटर वर जाणार होता, हातात करवत घेऊन. तो आजही माझ्याबरोबर काम करतो, मागच्या वर्षी त्याला मुलगी झाली. आता तुम्हीच सांगा, तो दोर 'नुसता बघून' कळला असता का?

हल्लीचा चढाईचा दोर बहुतेकदा दोन थरांचा असतो. बाहेर विणलेलं आवरण, आत गाभा, आणि भार मुख्यतः गाभा पेलतो. डोळ्याला दिसतं ते आवरण. ते केसाळलं, उसवलं, कापलं गेलं तर दिसेल, नाही कोण म्हणतं? पण गाभा चेपला, जळला, कुजला तर ते हातालाच कळतं. म्हणून दर कामाआधी अख्खा दोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उघड्या बोटांतून जाऊ द्यायचा. मऊ जागा, अचानक बारीक झालेली जागा, आतली गुठळी, घर्षणानं वितळून काचेसारखी गुळगुळीत आणि कडक झालेली जागा. ४५ मीटरच्या दोराला दहा-बारा मिनिटं लागतात. ती मिनिटं आम्ही वाचवत नाही, आणि त्या वेळात कुणी बोलायला आलं तर थांबवतो.

काथ्याच्या दोराचं म्हणाल, तर माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. नारळ काढणारे पाडेली माड चढताना मी लहानपणापासून बघत आलो आहे, त्यांच्याबद्दल मला तुमच्याकडून आदर शिकायची गरज नाही. काथ्याचा दोर पिळाचा असतो. पीळ उलटा फिरवला की पेड सुटतात आणि आतलं सगळं समोर दिसतं. तुमचं 'बघून कळतं' त्या दोराला लागू आहे, मान्य. आवरणाच्या आत गाभा झाकलेल्या दोराला ते लागू नाही. शिवाय पाडेलीचा भार पायांवर असतो, पायात फास, समोर सरळ खोड, आडवी फांदी नाही. आमचा माणूस फांदीच्या टोकाकडे जातो, दोरावर लटकतो आणि स्वतःच्या दोराशेजारी करवत चालवतो. म्हणून कापताना मुख्य दोराखेरीज कमरेचा दुसरा दोर हवाच. आणि आजोळचे पाडेली पावसाळा सरला की नवा काथ्या वळून घ्यायचे, जुना दोर गोठ्यात गुरं बांधायला जायचा. दोर वेळेवर निवृत्त करायचा हे मी तिथंच शिकलो, परदेशात नाही. तुम्ही ज्यांचा दाखला दिलात त्यांनीच शिकवलं.

दहा वर्षं ही वरची मर्यादा. अनेक उत्पादक कापडी साधनांना न वापरतासुद्धा तेवढंच आयुष्य देतात. ब्रिटनमध्ये तर १९९८च्या नियमांप्रमाणे माणूस उचलणारं साधन दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे ऊन, खारं वारं आणि चार महिन्यांचा दमटपणा. माझा दोर तीन-चार वर्षांपुढे जात नाही.

पैठणीचं उदाहरण देऊन तुम्ही चार लोकांना हसवलं असेल. चिखलातली बारीक रेती आवरणातून आत शिरते आणि दर चढाईला गाभ्याचे धागे कापत राहते. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण, आणि सावली, कारण उन्हानं नायलॉन कमजोर होतं. तिहेरी लॉक अशासाठी की साधं स्क्रूचं कॅराबिनर सालीवर किंवा दोरावर घासून आपोआप उघडू शकतं. मुंबईत ॲल्युमिनियमच्या कॅराबिनरच्या बिजागरीत खाऱ्या हवेनं पांढरी भुकटी धरते आणि दार अर्धवट मिटतं. ते गोड्या पाण्यानं धुवा.

रोजंदारीवरच्या माणसाचा मुद्दा इथं आणायचं कारण मला कळलं नाही. मी दोरावर लिहीत होतो, मजुरीवर नाही. साधन द्यायचं काम कंत्राटदाराचं, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहता राहिलं एवढंच. दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही ठाण्याला आमचे दोर तपासतो. तुमच्याकडे जो दोर असेल तो घेऊन या. आधी तुम्ही डोळ्यांनी बघून काय ते सांगा, मग आपण दोघं मिळून तो बोटांतून ओढू. पत्ता निरोप पाठवलात तर कळवतो. मात्र 'दुकानदारी' हा शब्द तुम्ही त्याआधी प्रतिक्रियेतून काढून टाकावा, अशी माझी अपेक्षा आहे.