ए-703चा ऑटम

"नीटनेटकेपणा हवा." लाल शाईत. आणि खाली अर्धा तारा.

अर्धा म्हणजे खरंच अर्धा. पूर्ण ताऱ्याचा चकचकीत स्टिकर कात्रीने मधोमध कापून लावलेला. कुणीतरी खुर्चीत बसून, कात्री शोधून, आमची लायकी मोजून कापली होती. चिरंजीव अडीच वर्षांचे आहेत, त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी तारा सोलला आणि कपाळाला लावला. मला मात्र कळलं, आणि आज तिसरा दिवस आहे तरी ते डोक्यातून जात नाही.

झालं होतं असं की गुरुवारी रात्री साडेनऊला प्लेग्रुपच्या ग्रुपवर मेसेज आला. या महिन्याची थीम ऑटम. सोमवारी प्रत्येकाने 'हँडप्रिंट ट्री' करून आणावं. झाडाला खरी लाल, पिवळी, केशरी पानं लावावीत. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत : मुलांना स्वतःला करू द्यावे. सोबत नमुन्याची चार चित्रं. पहिलं झाड : कोपरापासून मनगटापर्यंतचा ठसा म्हणजे खोड, पंजा म्हणजे फांद्या. दुसरं, आडव्या पंजाचा काटेरी हेजहॉग. तिसरं घुबड. चौथ्यात अंगठा म्हणजे मान आणि चार बोटं म्हणजे पिसारा. मी चिरंजीवांना विचारलं, हे काय? "कोंबली." बायको म्हणाली मोर असेल. ती टर्की होती. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला जिला खातात ती. ते चित्र कर्वे रोडच्या आसपासच्या एका प्लेग्रुपमध्ये कसं उतरलं, हे विचारायचं धाडस ग्रुपवरच्या एकाही पालकाला झालं नाही. सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला.

रविवारी सकाळी सात वाजता मी पिशवी घेऊन खाली उतरलो. पुण्यात ऑक्टोबरमध्ये लाल पान शोधणं म्हणजे एकादशीला कुणाकडे बोंबील मागण्यासारखं आहे. पाऊस नुकताच संपलेला, झाडं हिरवीगार, सप्तपर्णी फुललेली आणि तिच्या वासाने डोकं उठलेलं. पण पंपहाऊसमागे एक देशी बदाम आहे. त्याचं वेळापत्रक त्याचं तोच ठरवतो. वर्षभर केव्हाही बघा, एखाददुसरं पान लाल होऊन खाली पडलेलं असतं. दहा पानं मिळाली. अकरावं उचलतोय तोच मागून आवाज आला.

"काय हो ए-703, काय चाललंय?"

हे आमचे खतकाका. सरकारी नोकरीतून निवृत्त, सोसायटीच्या खत समितीचे अध्यक्ष. समितीत सभासद तेवढेच. माणसांची नावं ते लक्षात ठेवत नाहीत, फ्लॅटचे नंबर ठेवतात. माझी बायको ए-703 वहिनी आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी ए-703, बी-204 आणि सी-501 आहेत.

"पानं वेचतोय, काका."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

मला वाटलं विनोद करतायत, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

"हा पाला खड्ड्यात जातो. तुम्ही सगळे मला ओलं देता. भाजीची देठं, कलिंगडाची सालं, ए-302 तर आमटी ओततात. नुसतं ओलं घातलं की खड्डा सडतो, वास सुटतो, मग त्याच ए-302 तक्रार करतात. त्यावर सुकं लागतं. सुकं म्हणजे काय? पाला. पाला म्हणजे काय? कार्बन. तुम्ही माझा कार्बन नेताय."

"काका, अकरा पानं आहेत."

"128 फ्लॅट. प्रत्येकाने अकरा नेली तर?"

मी गप्प.

"1408," काका म्हणाले. "आणि हे एका रविवारचं."

इथे मी पिशवी उलटी करून घरी यायला हवं होतं. पण माझ्यातला पालक जागा झाला, आणि मी खुलासा करायला गेलो. म्हटलं, मुलाच्या शाळेत ऑटम आहे.

"काय आहे?"

"ऑटम. पानगळ."

काकांनी आधी बदामाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. डाव्या हाताची बोटं उघडून त्यांनी मोजायला घेतलं. "वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. आत्ता महिना कुठला? आश्विन. आश्विन-कार्तिक शरद. पानगळ कधी? शिशिरात. शिशिर कधी? माघ-फाल्गुन. तुम्ही चार महिने लवकर आलात."

"पण काका, शरद म्हणजेच ऑटम ना?"

"डिक्शनरीत. झाडाला विचारा."

काकांचं हे म्हणणं मला तेव्हा झोंबलं, पण घरी येऊन विचार केला तर माणूस बरोबर होता. थंड देशांत दिवस झपाट्याने आखडतो. लंडनमध्ये जूनमधला साडेसोळा तासांचा दिवस डिसेंबरात आठ तासांच्याही आत येतो. झाड पानातला हिरवा रंग आवरायला घेतं, खाली दडलेला पिवळा दिसायला लागतो, आणि काही झाडं जाता जाता लाल रंग नव्याने तयार करतात. पुण्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यांत फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आमची झाडं पानं टाकतात ती पाणी वाचवायला, उन्हाळा तोंडावर आला की. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर खराट्यासारखे उभे असतात, आणि त्या खराट्यांना फुलं लागलेली असतात. त्या वेळी प्लेग्रुपमध्ये काय चालू असतं सांगू? स्प्रिंग. गेल्या मार्चमध्ये, गेटबाहेर पाचोळ्याचा गुडघाभर ढीग पडलेला असताना, आम्ही आईस्क्रीमच्या काड्यांचे ट्यूलिप करत होतो.

असो. काका संपले नव्हते. त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून एक पान काढलं, उन्हात धरलं, चष्मा कपाळावर चढवला.

"हे पिकलेलं नाही. हा करपा आहे."

"म्हणजे?"

"रोग. हे डाग बघा. तुम्ही मुलाला पानगळ म्हणून रोग शिकवताय. कुठल्या फांदीचं पान?"

आता जमिनीवर पडलेलं पान कुठल्या फांदीचं, हे मी कसं सांगणार? पण काकांचा आवाज असा की मी वर पाहून, बऱ्यापैकी खात्रीने, एका फांदीकडे बोट दाखवलं. काकांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. त्या निष्पाप फांदीवर आता बहुधा औषध मारलं जाणार आहे.

शेवटी परवानगी मिळाली, ती अटींवर. काम झालं की पानं परत. फेव्हिकॉल लागलेली चालणार नाहीत. "आणि ग्लिटर लावलंत तर याद राखा. ते प्लास्टिक असतं. दहा वर्षं खतात चमकत बसेल."

मी वर आलो. फक्त पानं आणायला पाऊण तास.

रंगाचं खातं बायकोकडे होतं. दुकानातल्या बाटलीवर 'वॉशेबल' लिहिलेलं असतं, पण चिरंजीव जे जे ओलं दिसेल ते ते चाटतात, म्हणून तिने घरीच रंग केले. कॉर्नफ्लोरची खळ शिजवली आणि तिचे तीन भाग केले. एकात हळद. दुसऱ्यातही हळदच, पण वर चिमूटभर खायचा सोडा, की पिवळ्याचा डोळ्यांदेखत तांबडा होतो. तिसऱ्यात कॉफी, खोडासाठी. ओट्यावर तीन वाट्या इतक्या सुंदर दिसत होत्या की सासूबाईंनी पिवळ्या वाटीत मीठ आहे का विचारलं.

मग हात.

ज्याने 'हँडप्रिंट' हा प्रकार लहान मुलांसाठी सोपा म्हणून शोधला, त्याने लहान मूल लांबून पाहिलं असावं. तळहाताला ब्रश लागला की गुदगुल्या होतात. गुदगुल्या झाल्या की मूठ मिटते. मिटली की सगळा रंग आत, आणि ती उघडायला तुम्ही एकेक बोट सोडवायला गेलात की पहिलं बोट परत मिटलेलं असतं. आर्जेंटिनात एक गुहा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हातांनी भरलेली. 1999 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा केलं. तिथे बहुतेक हातांना रंग लावलेलाच नाही. हात भिंतीवर ठेवायचा आणि भोवती रंग फुंकायचा. मला आता त्यामागचं कारण पक्कं माहीत आहे. त्यांच्यात कुणाच्या तरी घरी अडीच वर्षांचं पोर होतं.

चार कागद फुकट गेल्यावर आम्हाला काही गोष्टी समजल्या. ब्रश नको, स्पंजचा तुकडा घ्यावा, त्याने गुदगुल्या कमी होतात. हात कागदावर न्यायचा नाही, हात धरून कागदच हातावर आणायचा. आणि दाबायचं ते मुलाच्या मनगटावर नाही, एकेका बोटावर. हे सगळं समजलं तेव्हा चिरंजीवांचा मूड संपला होता. पाचव्या कागदावर त्यांनी मिटलेल्या मुठीची कड सण्णकन आपटली आणि कॉफीचा हात खाली फरफटवला.

आम्ही दोघं बघत बसलो. कागदावर ना पंजा, ना फांद्या. एक तपकिरी ओरखडा आणि वर एक बाकदार पिवळा ठसा. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गौरीचं पाऊल!"

आणि खरंच होतं. भाद्रपदात त्या स्वतः अशीच मुठीची कड कुंकवात बुडवून दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावलं काढतात. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी करंगळी तांबड्या वाटीत बुडवली आणि ठशाच्या वर पाच टिपके दिले. बोटांसकट पाऊल. चिरंजीव टाळ्या पिटायला लागले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे तळवे उघडे दिसले.

तेच आम्ही दिलं. खोडाचा ओरखडा, फांदीच्या जागी गौरीचं पाऊल, भोवती बदामाची चार पानं, पैकी एक रोगी. मुलांना स्वतःला करू द्यावे म्हटलं होतं, आम्ही करू दिलं. टिपके वगळता.

सोमवारी प्लेग्रुपच्या भिंतीवर बाकीची झाडं पाहिली आणि मी उभाच राहिलो. एकाला हॉट ग्लूने चिकटवलेली पुठ्ठ्याची खार होती. एकात दिव्यांची माळ पेटत होती, मागे सेल लावलेले. आणि मधोमध जे झाड होतं, तीन तारे मिळालेलं, त्याच्या पंजाच्या अनामिकेवर खालच्या पेराशी एक बारीक पांढरा पट्टा सुटला होता. रंग न लागलेला. तिथे अंगठी होती. अडीच वर्षांच्या त्या बाळाचं लग्न झालेलं असावं.

मी मिसना काही बोललो नाही. काय बोलणार? "तुमचा तो पंजा एका मोठ्या बाईचा आहे" म्हटलं तर उद्या त्याच बाईबरोबर गेटवर उभं राहायचंय. पण मला विचारायचं होतं की हा गृहपाठ नक्की कुणाचा होता. रविवार आमचा गेला. पैसे आमचे. खोटं केलं त्यांना तीन तारे, खरं केलं त्यांना कात्री. आणि "आईने थोडं लक्ष दिलं तर छान होईल" असं मिस बायकोला म्हणाल्या. मला नाही. मी तिथेच, शेजारी, पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण रविवारी दुपारी, आम्ही हात धुवायला निघालो असतानाच, बेल वाजली होती. खतकाकांनी वॉचमनला पाठवलं होतं, उरलेली सात पानं घ्यायला. मी पानं आणायला वळलो तेवढ्यात चिरंजीव दारातून सटकले, लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले. कुणाचं लक्ष गेलं नाही.

काल नोटीस आली. "सातवा मजला, लिफ्टच्या बटणाखाली, जमिनीपासून दोन फूट तीन इंच उंचीवर, पिवळ्या रंगाचा लहान पंजा. रंग नवीन. सदर डाग स्वखर्चाने काढावा." काका टेप घेऊन आले होते तर.

बाहेर जाऊन पाहिलं. पाचही बोटं सुटी, ठसठशीत. तळहातावरच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. फांद्या म्हणा, पाकळ्या म्हणा, हवं ते. पाच कागदांत जे जमलं नाही ते नव्या ऑइलपेंटवर एका झटक्यात.

संध्याकाळी काका भेटले, तेव्हा मी म्हटलं, रोममध्ये शाळा चालवणाऱ्या रूथ शॉ नावाच्या एका अमेरिकन बाईंची गोष्ट सांगतात. एका मुलाने बाथरूमच्या भिंतीवर आयोडिन फासलं, तर त्या त्याला रागावल्या नाहीत, त्यावरून त्यांनी पोरांसाठी बोटांनी रंगवायचे रंगच तयार केले.

काका म्हणाले, "रोमचा मेंटेनन्स वेगळा असेल."

मग मी बादली घेतली, स्पंज घेतला, कपडे धुवायची पावडर कालवली आणि भिंतीसमोर गुडघे टेकून घासायला लागलो. काका शेजारी उभे, हातात डायरी. आईने मला लहानपणीच सांगितलं होतं की हळदीच्या डागाला साबण लावू नये. ते मला साबण लावल्यावर आठवलं. पिवळा पंजा आधी केशरी झाला, मग करंगळीकडून एकेक बोट लाल होत गेलं, आणि फेसाबरोबर तांबडे ओघळ खाली स्कर्टिंगपर्यंत उतरले.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. वाकून पाहिलं.

"ए-703," ते म्हणाले, "हे आता दोन रंगांत लिहावं लागेल."