परांची कोणाला पेलते?

गुरुजी तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून आले तेव्हाच आम्ही ओळखलं, आता हप्ताभर नवा शब्द. मागं ‘अध्ययन निष्पत्ती’नं डोकं उठवलं होतं, औंदा ‘स्कॅफोल्डिंग’.

“मुलास स्वबळावर न जमणारी कृती आधार देऊन जमवून आणणे,” बशी खाली ठेवत गुरुजी म्हणाले. ते कट्ट्यावरही हातात खडू असल्यासारखंच बोलतात. “रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीची देणगी!”

“वायगॉट्स्की १९३४ लाच वारला,” बाळ्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं. “शब्द आणला वुड, ब्रूनर अन् रॉसनी, १९७६ ला. तीन ते पाच वर्षांची लेकरं, लाकडी ठोकळे, त्याचा पिरॅमिड रचायचा. शिकवणाऱ्यानं कुठं हात लावायचा अन् कुठं नाही, ते बघितलं.”

“रचायचं काम? मग आमचंच की हे,” गफारभाई मिस्त्री खुलले. “अन् त्या तुमच्या फोल्डिंगला मराठीत काय?”

“परांची,” मी म्हणालो. “बांधकामाला बांबू-बल्ल्यांची बांधता ती.”

“शब्दाचा दुसरा अर्थ विसरू नका!” वकीलसाहेब सरसावले. लंडनच्या गोष्टी त्यांना लातूरच्या गंजगोलाईपेक्षा जवळच्या. “स्कॅफोल्ड म्हणजे वधाचा मंच. ३० जानेवारी १६४९, पहिल्या चार्ल्स राजाला त्याच्यावर चढवला अन् मुंडकं उडवलं.”

गफारभाई जरा थांबले. “राजा चढला अन् उतरला नाही, त्याची तारीख तुम्हाला पाठ. आमच्यातले दोघं तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर चढले, तेबी उतरले नाहीत. त्यांची तारीख कोणाला पाठ हाय?”

चहावाल्यानं उगाच स्टोव्हला पंप मारला. मग बाळ्यानंच विषय हलवला. तो मेडिकलवर असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवून पुढं आपोआप विरघळणारी जाळी निघाली, तिलाही स्कॅफोल्डच म्हणतात म्हणे.

“आपोआप विरघळती? मग उतरवायची मजुरी बुडली,” गफारभाई. “पर गुरुजी, एक सांगा. तुमचं लेकरू भिंत हाय का मिस्त्री?”

“म्हणजे?”

“परांची भिंतीला पेलत नाही, मिस्त्रीला पेलती. भिंत आपल्या पायावरच उभी राहती. ओला स्लॅब पेलायचा तर सेंट्रिंग लागतं, ते निराळं. लेकरू स्लॅब असंल तर सेंट्रिंग म्हणा. परांची म्हणायचं असंल तर थापी त्याच्या हातात द्या. तुम्ही त्याला वर चढवूलालाव, अन् थापी आपल्याच हातात!”

गुरुजींनी चष्मा पुसला. त्यांचा चष्मा असा वादाच्या मध्येच मळतो. मागं अंगणवाडीच्या खिचडीवरून वाद झाला तेव्हाही मळला होता.

“कैलास लेण्याला परांची होती का?” वकील मदतीला धावले. “आठवं शतक, राष्ट्रकूट कृष्ण पहिला! वरून खाली कोरत आले. आधी कळस, मग पाया!”

“मी वेरूळला तासभर नुसता वर बघत उभा होतो,” गफारभाई म्हणाले. “ज्या दगडावर उभे तोच परांची. तीच कापत कापत खाली उतरले. असला मिस्त्री आता मिळंल का?”

“मुद्दा तोच!” गुरुजींना वाट सापडली. बोट वर. “आधार टप्प्याटप्प्यानं काढून घेणे, हेच मर्म! काम झाल्यावर जी परांची राहते, ती परांची नव्हे, अडगळ!”

गफारभाईंनी कप हळूच खाली ठेवला. “मग गुरुजी, तुमच्या माडीला चार वर्षं झाली. माझ्या अकरा बल्ल्या कधी देऊलालाव?”

क्षणभर कोणीच बोललं नाही. गुरुजींच्या परसातला दोडक्याचा मांडव आम्हा सगळ्यांना ठाऊक.

“त्याच्यावर... वेल चढलाय हो,” गुरुजी पुटपुटले.

“वेलाला अजून स्वबळावर जमत नाही!” बाळ्या ओरडला. चहावाल्याच्या हातून गाळणी पडली. वकील हसता हसता ‘फौजदारी विश्वासघात’ एवढंच म्हणू शकले, पुढं ठसका.

त्या दिवशी चहाचे पैसे गुरुजींनी दिले. तारीख मी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीभर दोडकीही आणली त्यांनी. बल्ल्या अजून तिथंच आहेत.