"बाई, झालं!"

दुसरीच्या वर्गात हे मी रोज ऐकते, आणि बहुतेकदा एकाच बाकावरून. बाकीची मुलं पहिलं गणित उतरवून घेत असतात, तोवर या पठ्ठ्याची दहाही सोडवून झालेली असतात. सगळी बरोबर. मग तो उरलेला तास पेन्सिलीला टोक काढत बसतो आणि पालकसभेत आपण सांगतो, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं."

मीही कितीतरी दिवस "मग अजून दहा सोडव" म्हणत आले. ती शिक्षाच होती हो. काम लवकर संपवलं म्हणून तेच काम पुन्हा!

लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. १४० बुद्ध्यांकाच्या मुलाचा साध्या वर्गात निम्मा वेळ वाया जातो आणि १७०च्या पुढच्यांचा जवळजवळ सगळाच, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पण मला वेळेपेक्षा दुसरीच काळजी जास्त वाटते. पहिली ते तिसरी सतत पैकीच्या पैकी मिळवणारं मूल अडायला शिकतच नाही. पुढे कधीतरी पहिल्यांदा अडलं की त्याला वाटतं, आपण हुशार नव्हतोच. त्यात आपण येता-जाता "किती हुशार गं बाई" म्हणणार. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर लवकर हातपाय गाळताना दिसली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकटून राहिली.

आता मी धड्यातली सर्वांत अवघड पाच गणितं आधी देते. ती आली, तर बाकीची माफ.

परवा त्याला नऊ घरांचा चौकोन दिला. १ ते ९ आकडे एकेकदाच वापरायचे. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही बेरीज १५च यायला हवी. खोडून खोडून कागद फाटला. डोळ्यांत पाणी. उत्तर माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण गप्प राहिले आणि नवा कागद दिला. घरी पालकांनाही सांगितलं, मदत करू नका.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच धावत आला. "बाई, मधे पाचच लागतो! दुसरा कुठलाच चालत नाही!" बाकीची घरं अजून रिकामीच होती.