आधी केक कापतात

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत रात्री दोनच्या सुमाराला चौदा गाड्या फोडल्या. चारचाकींच्या काचा, रिक्षांची हूडं, दुचाकींच्या सीटा. माझ्या स्कूटरच्या सीटवर कोयत्याचा वार इतका सरळ आहे की पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा. भागाचं नाव लिहीत नाही. पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. गाड्या फोडणारी मुलं इथलीच आहेत आणि माझं झेरॉक्सचं दुकानही इथंच आहे.

११२ ला फोन केला. गस्तीवरचे पोलीस मार्शल बारा मिनिटांत आले, खोटं का बोलू. तोवर मुलं पसार झाली होती. सकाळी चौकीत गेलो तर उत्तर मिळालं, "एनसी करून देतो, इन्शुरन्सला चालेल." एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. म्हटलं, अहो कोयते होते. "तुम्ही पाहिले?" मी नव्हते पाहिले. ज्यांनी गॅलरीतून पाहिले होते, त्यांच्याकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "सगळं सांगतो, फक्त आमचं नाव नको हं." सोसायटीचा कॅमेरा आहे, पण डीव्हीआर दिवाळीपासून बंद आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा विषय दोन सभांत 'पुढील सभेत घेण्याचे ठरले'. शेवटी गुन्हा दाखल झाला तो एका रिक्षावाल्यामुळे. त्याचा धंदाच बसला होता, घाबरून घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं. चार पोरं सापडली. तिघं अठराच्या आतली, म्हणजे कागदावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक'.

आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे म्हणतायत, पुण्याचं काय झालं, ही कोयता गँग आली कुठून! कुठून म्हणजे? आमच्या ओपन स्पेसच्या कट्ट्यावरून. वर्षभर आम्ही बघत होतो. आधी रात्री बाराला वाढदिवस. पाचसहा गाड्या, सायलेन्सर काढलेल्या, मधल्या गाडीच्या सीटवर केक. मग सुतळी बॉम्ब. मग स्पीकर, कारण दहानंतर स्पीकर बंद हा नियम फक्त आमच्या भजनी मंडळाला लागू आहे. मग एक दिवस केक सुरीऐवजी कोयत्याने कापला. त्याचं रील झालं, खाली 'भाईचा बड्डे'. समोरच्या आजींनी खिडकीतून हटकलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुंड्या फुटल्या. त्या कुंड्यांची तक्रार कुणी केली नाही. कुंड्यांची कसली तक्रार करायची? आणि माझं सगळं म्हणणं त्या कुंड्यांपाशीच आहे. काचा फुटल्या तेव्हा पोलीस बारा मिनिटांत आले, ते ठीक. पण कुंड्या फुटल्या तेव्हा कुणीतरी चालत यायला हवं होतं.

पूर्वी यायचे. मी १९९४ मध्ये दुकान टाकलं तेव्हा आमच्या बीटला, म्हणजे एका पोलिसाकडे दिलेल्या गस्तीच्या भागाला, एक हवालदार होते. संध्याकाळी सायकल टपरीला टेकवून अर्धा तास बसायचे. कुणाचा पोरगा शाळेत जात नाही, कुणाचा बाप पिऊन मारतो, भाड्याच्या खोलीत नवीन कोण आलंय, सगळं त्यांना ठाऊक. उगाच आरती ओवाळत नाही. पोरांच्या कानाखालीही वाजवायचे आणि माझ्याकडच्या झेरॉक्सचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत दिले नाहीत. पण कट्ट्यावर गडबड झाली की ते थेट पोराच्या आईकडे जायचे, आणि पोराला त्यांच्या कानाखालीपेक्षा त्याचीच धास्ती जास्त होती.

आज त्या बीटवर गेल्या तीन वर्षांत मी चार चेहरे पाहिले. महाराष्ट्र पोलीस कायद्यात अंमलदाराला एका नेमणुकीवर साधारण ५ वर्षं धरली आहेत, पण ठाण्यातल्या ठाण्यात बीट बदलतंच. दोष त्या शिपायाचा नाही. आषाढी वारीची पालखी, मग दहीहंडी, मग गणपतीचे दहा दिवस आणि विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे, मग नवरात्र, मध्येच कुणी व्हीआयपी, मध्येच निवडणूक. वर्षातला निम्मा माणूस बंदोबस्तात उभा. उरलेला निम्मा कोर्टात समन्स घेऊन. गल्ली ओळखणार कोण?

२७ जून २०२३ विसरू नका. सदाशिव पेठेत भर सकाळी एक मुलगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. पेरूगेटची चौकी हाकेच्या अंतरावर, आणि तिच्यात त्या वेळी कुणी नव्हतं. मुलीला वाचवलं ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी. चौकीच्या तिघांना निलंबित केलं. पुढं काय? माझ्या मते त्या दिवसापासून पुण्यातली प्रत्येक चौकी चोवीस तास, किमान दोन माणसांनिशी उघडी असायला हवी होती. २०२४ मध्ये शहराला सात नवी पोलीस ठाणी मिळाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, काळेपडळ, फुरसुंगी. चांगलंच झालं, शहर तेवढं पसरलंय. पण ठाणं म्हणजे इमारत. आमच्या चौकीला संध्याकाळनंतर कुलूप असतं, तिथं नव्या ठाण्याच्या फिती कापल्याचा आम्हाला काय उपयोग?

मग उपाय काय काय झाले बघा. २०२३ च्या सुरुवातीला निघालं की कोयता विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यावं. आधारच्या झेरॉक्स वाढल्या तर फायदा माझाच, पण ऊसतोडीच्या माणसाने कोयता घ्यायलाही ओळख दाखवायची, आणि ही पोरं घरातलाच घेणार. दुसरा उपाय धिंड. आरोपीला त्याच्याच वस्तीतून लंगडत चालवायचं, आपण गॅलरीतून शूटिंग करायचं. ग्रुपवर टाळ्यांचे ढीग. अरे, पण ही शिक्षा कुठल्या कायद्यात लिहिलीय? आणि आठवड्याने तोच व्हिडिओ मागे गाणं लावून त्याच्याच मित्रांच्या स्टेटसला असतो. रीलसाठी जगणाऱ्या पोराला आपण फुकटात रील काढून देतो. तडीपारीचंही तेच. भाऊ दोन वर्षं हद्दीबाहेर, म्हणजे हद्दीपलीकडच्या गावाला भाऊ मिळाले.

काम होतं ते कंटाळवाण्या गोष्टींनी. सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त होते, तेव्हा त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. १९७० आणि १९८४ ला जळालेलं गाव ते. कमिटीत दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस, नियमित बैठका, नळ-गटाराच्या भांडणापासून सुरुवात. १९९२-९३ ला शेजारी मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. दंगलीला हे पुरलं, मग आमच्या कट्ट्यावरच्या सहा पोरांना पुरणार नाही?

परवा त्यांच्यातला एक दुकानात आला. आईबरोबर. आधार आणि शाळेचा दाखला, बाल न्याय मंडळात द्यायला. "काका, दोन-दोन कॉपी." दाखल्यावर जन्मतारीख वाचली, सोळालाही चार महिने कमी. त्याचं खरं नाव मला त्या दाखल्यावरून कळलं. वर्षभर मी त्याला 'तो पिवळ्या केसांचा' म्हणत होतो. आई मान वर करत नव्हती. मी स्कूटरचा विषय काढला नाही. पैसे घेतले, सुटे परत दिले.

असो. शनिवारी संध्याकाळी सात वाजता चौकीसमोर जमायचंय. मागण्या दोनच: चौकी रात्री उघडी ठेवा, आणि बीटवरच्या माणसाचं नाव आणि नंबर गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लावा. अर्ज मी टाइप करून ठेवलाय. खाली नाव, पत्ता, सही लागेल, 'एक जागरूक नागरिक' चालणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही यावं. झेरॉक्स माझ्याकडून.